ग्रह, बटुग्रह आणि पिवळी कार्डे



मागच्या वेळी आपण 'व्याख्या म्हणजे काय' या विषयाची तोंडओळख करून घेतली. शेवटी प्रश्नांना वेळ थोडाच उरला होता आणि एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न तसाच राहून गेला. त्या सातवीला विज्ञान शिकवतात. खरं म्हणजे प्रश्न त्यांचा नव्हता, त्यांच्या वर्गातल्या एका मुलाचा होता. तो म्हणाला, "बाई, प्लुटो ग्रह नाही हे शास्त्रज्ञांनी मतदान घेऊन ठरवलं ना? मग उद्या मतदान घेऊन पृथ्वी सपाट आहे असंही ठरवता येईल का?" बाई म्हणाल्या, "सर, मी त्याला गप्प बसवलं नाही. पण मला उत्तरही देता आलं नाही."

घरी जाताना आम्हाला थोडे अपराधी वाटले. कारण सांगतो. २००६ साली हा निर्णय झाला तेव्हा आम्ही अजून वर्गावर जात होतो आणि तर्कशास्त्राच्या तासाला या निर्णयाची आम्ही भरपूर टिंगल केली होती. 'हात वर करून सत्य ठरवणारी सभा' असे म्हणून मुलांना हसवले होते. आता तो ठराव पुन्हा शब्द न् शब्द वाचला, त्याच्या बाजूने आणि विरुद्ध काय लिहिले गेले तेही वाचले, आणि लक्षात आले की आमची टिंगल अर्धी चुकीची होती. अर्धी बरोबरही होती, बरं का. कुठला अर्धा भाग चुकला, ते आज सांगायचे आहे. तेव्हा आजचे व्याख्यान म्हणजे एका ठरावाचे परीक्षण समजा. पुस्तकाचे परीक्षण करतात, तसे.

आधी मजकूर पाहू. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ, ज्याला आयएयू म्हणतात, त्याची महासभा ऑगस्ट २००६ मध्ये प्राग शहरात भरली होती. २४ ऑगस्टला ठराव मंजूर झाला. त्याचा आशय असा: सूर्यमालेत ग्रह म्हणजे असा खगोल, की जो (एक) सूर्याभोवती फिरतो, (दोन) ज्याचे वस्तुमान इतके आहे की स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने तो जवळजवळ गोल झाला आहे, आणि (तीन) ज्याने आपल्या कक्षेच्या आसपासचा परिसर साफ केला आहे. बटुग्रह म्हणजे पहिल्या दोन अटी पुऱ्या करणारा, तिसरी पुरी न करणारा, आणि कुणाचा उपग्रह नसलेला खगोल. बाकी सगळे, म्हणजे लघुग्रह, धूमकेतू वगैरे, सूर्यमालेतले लहान खगोल. ठरावाच्या तळटीपेत आठ ग्रहांची नावेही देऊन टाकली आहेत.

इथे एक गैरसमज दूर करू. पुष्कळांना वाटते की प्लुटो 'लहान' म्हणून त्याला काढले. ठरावात आकाराचा आकडा कुठेच नाही. इतक्या किलोमीटरच्या वर तो ग्रह, खाली तो बटुग्रह, असे कुठेही म्हटलेले नाही. ग्रह आणि बटुग्रह यांच्यातला सगळा फरक तिसऱ्या अटीवर उभा आहे. म्हणून परीक्षणही मुख्यतः तिसऱ्या अटीचेच करायला हवे.

पण त्याआधी, ही वेळ आली कशी?

१८०१ सालच्या पहिल्याच दिवशी जुझेप्पे पियाझ्झी यांना पालेर्मोच्या वेधशाळेतून मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये एक नवा खगोल दिसला. त्याचे नाव सेरेस. त्याला ग्रह म्हटले गेले. पुढच्या सहा वर्षांत पॅलस, जूनो आणि व्हेस्टा सापडले. तेही ग्रहच झाले. विल्यम हर्शेल यांनी १८०२ मध्येच सुचवले होते की हे दुर्बिणीतून ताऱ्यासारखे नुसते ठिपके दिसतात, यांना वेगळे नाव द्या. त्यांनी 'अॅस्टेरॉइड' हा शब्द दिला. १८४५ नंतर असे खगोल भराभर सापडू लागले, तेव्हा पंचांगासारख्या खगोलीय कोष्टकांतून त्यांना ग्रहांच्या पंक्तीतून उठवण्यात आले. आपल्याला सांगतात ती गोष्ट इथे संपते. पण फिलिप मेट्झगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने शोधनिबंध चाळून २०१९ साली दाखवले की शास्त्रज्ञ आपापसात या खगोलांना ग्रह म्हणतच होते, अगदी १९५०च्या दशकापर्यंत. म्हणजे शब्द बदलला तो एका दिवसात नाही आणि मतदानानेही नाही.

प्लुटोची कथा अशीच आहे. क्लाइड टॉमबॉ यांना तो १८ फेब्रुवारी १९३० रोजी अॅरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेत सापडला. शोध चालू होता एका मोठ्या ग्रहाचा, पृथ्वीच्या कित्येक पट वस्तुमान असलेल्या. सापडला तो एक मंद ठिपका. पण अपेक्षा ग्रहाची होती, म्हणून तो ग्रह झाला. पुढे त्याच्या वस्तुमानाचा अंदाज सतत खाली येत गेला. १९७८ मध्ये त्याचा चंद्र, शॅरन, सापडला आणि वस्तुमान नीट मोजता आले: पृथ्वीच्या जेमतेम ०.२ टक्के. आपल्या चंद्राच्याही सुमारे एक षष्ठांश. मग १९९२ मध्ये डेव्हिड ज्युइट आणि जेन लू यांना नेपच्यूनच्या पलीकडे आणखी एक खगोल सापडला, आणि पाठोपाठ शेकडो. त्या प्रदेशाला आज कायपर पट्टा म्हणतात. शेवटी २००५ मध्ये माइक ब्राउन यांच्या गटाने एरिस जाहीर केला. त्याचे वस्तुमान प्लुटोपेक्षा सुमारे २७ टक्क्यांनी जास्त निघाले. आता दोनच वाटा उरल्या. एरिसला दहावा ग्रह म्हणा आणि मागून येणाऱ्या रांगेलाही दार उघडे ठेवा. नाहीतर प्लुटोलाच बाहेर बसवा.

प्रागमध्ये पहिला मसुदा वेगळाच होता, हे कमी लोकांना माहीत आहे. त्यात गोलपणा हीच कसोटी होती. त्याने सेरेस, शॅरन आणि एरिस धरून बारा ग्रह झाले असते. तो मसुदा सभेला पसंत पडला नाही आणि आठ-दहा दिवसांत सगळे उलटले. सभागृहात पिवळी कार्डे वर करून मतदान झाले. प्लुटो हा बटुग्रह आहे, या ठरावाला २३७ मते अनुकूल, १५७ प्रतिकूल, १७ तटस्थ. संघाचे सभासद तेव्हा हजारोंनी होते, आणि मते दिली ती चारशेच्या आसपास लोकांनी.

आता परीक्षणाकडे येऊ. व्याख्या तपासण्याची कसोटी आपल्याकडे न्यायशास्त्राने फार पूर्वी घालून दिली आहे. मागच्या वेळी आपण ती पाहिली, तरी उजळणी करू. लक्षणाचे तीन दोष. 'गाय म्हणजे शिंगे असलेला प्राणी' म्हटले तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. 'गाय म्हणजे तांबूस प्राणी' म्हटले तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. 'गाय म्हणजे एक खुराचा प्राणी' म्हटले तर एकही गाय आत येत नाही, कारण गाईचा खूर दुभंगलेला असतो; हा असंभव. हे तीन दोष टाळून, गळ्याखाली लोंबणारी कातडी असलेला तो प्राणी गाय, असे नैयायिक सांगतात.

ही कसोटी ठरावाला लावा. पहिली अट: सूर्याभोवती फिरतो. १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांनी सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह शोधला. त्यांना पुढे नोबेल मिळाले. आज असे पाच हजारांहून जास्त ग्रह माहीत आहेत. ठरावाच्या भाषेत यांपैकी एकही 'ग्रह' नाही. ठराव म्हणतो की आम्ही फक्त सूर्यमालेपुरते बोलतो. ठीक आहे. पण फक्त आपल्याच गोठ्यातल्या गाईंना लागू पडणारी गाईची व्याख्या, तिला तुम्ही व्याख्या म्हणाल का? ती गोठ्याची यादी झाली. ही अव्याप्ती.

दुसरी अट: गोलपणा. ठरावात शब्द आहे 'हायड्रोस्टॅटिक इक्विलिब्रियम'. म्हणजे खगोलाचे सगळे द्रव्य जणू द्रवरूप असल्यासारखे, स्वतःच्या ओढीने आणि फिरण्याच्या वेगाने जो आकार घेईल तो आकार. हे काटेकोर घेतले तर बुध नापास होतो. त्याचा आजचा आकार त्या गणिताशी तंतोतंत जुळत नाही. आपला चंद्रही जुळत नाही. 'जवळजवळ गोल' हे शब्द घालून ठरावाने स्वतःला वाचवले आहे, पण मग 'जवळजवळ' म्हणजे किती, हा प्रश्न राहतो.

आणि गंमत अशी, की ग्रहांच्या बाबतीत ही दुसरी अट काहीच काम करत नाही. जो खगोल आपला परिसर साफ करण्याइतका वजनदार आहे, तो गोल असणारच. तिसरी अट पास झाली की दुसरी आपोआप पास. म्हणजे दुसरी अट खालच्या सीमेवरच उपयोगी पडते, बटुग्रह आणि लहान खगोल यांच्या सीमेवर. आणि तिथे ती धूसर आहे. व्हेस्टा पूर्वी गोल असावा, पुढे आघातांनी त्याचा आकार बिघडला. कायपर पट्ट्यातल्या खगोलांचा आकार इतक्या लांबून नीट दिसत नाही. म्हणून आयएयूने २००८ मध्ये हौमिया आणि माकेमाके यांना बटुग्रहांची नावे देताना आधार घेतला तो तेजस्वितेचा: इतका तेजस्वी आहे, म्हणजे मोठा असणार, म्हणजे गोल असणार. अधिकृत बटुग्रह तेव्हापासून पाचच आहेत: सेरेस, प्लुटो, एरिस, हौमिया, माकेमाके. पण त्यांच्या शेजारी उमेदवार कितीतरी आहेत.

तिसरी अट: परिसर साफ केला आहे. 'साफ' म्हणजे काय? गुरूच्या कक्षेत, त्याच्या पुढे आणि मागे साठ अंशांवर, ट्रोजन म्हणवणारे हजारो लघुग्रह आहेत. पृथ्वीची कक्षा ओलांडणारेही हजारो. नेपच्यूनच्या कक्षेच्या आत तर खुद्द प्लुटो येतो. १९७९ ते १९९९ ही वीस वर्षे तो नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता. मग साफ केले कुणी? शब्दार्थ धरला तर एकही ग्रह पास होत नाही. म्हणजे चक्क असंभव! २००६ साली आमची टिंगल इथेच येऊन थांबली होती. तिन्ही दोष एका ठरावात सापडले म्हटल्यावर तर्कशास्त्राचा मास्तर खूश होणारच.

आता आमची चूक. आम्ही शब्द तपासले. शब्दांमागे ज्या गोष्टीकडे बोट दाखवले होते, ती तपासलीच नाही.

ती गोष्ट काय आहे, ते स्टीव्हन सोटर यांच्या एका साध्या भागाकारात दिसते. प्रत्येक खगोलाचे वस्तुमान घ्या आणि त्याच्या कक्षेच्या पट्ट्यात फिरणाऱ्या इतर सगळ्या सुट्या खगोलांच्या एकत्रित वस्तुमानाने त्याला भागा. उपग्रह त्यात धरायचे नाहीत. पृथ्वीसाठी उत्तर येते सुमारे १७ लाख. म्हणजे शेजारच्या सगळ्या धोंड्यांची मोट बांधली तरी पृथ्वी त्याच्या १७ लाख पट. आठ ग्रहांत सर्वांत कमी उत्तर नेपच्यूनचे, तरी ते सुमारे २४ हजार. आता सेरेस: ०.३३. प्लुटो: ०.०७७. एरिस: ०.१. म्हणजे सेरेसच्या शेजाऱ्यांचे एकूण वजन त्याच्या तिप्पट, आणि प्लुटोच्या शेजाऱ्यांचे तर त्याच्या बारा-तेरा पट.

२४ हजार आणि एक तृतीयांश. मध्ये कुणी नाही. ना शंभर, ना हजार. जिथे निसर्गानेच एवढी रुंद दरी ठेवली आहे, तिथे रेषा दरीत कुठेही मारली तरी फरक पडत नाही. आणि ही दरी योगायोगाने पडलेली नाही. सूर्याभोवतीच्या धूळ-वायूच्या तबकडीतून ग्रह तयार होताना जो खगोल एकदा पुढे गेला, तो शेजाऱ्यांना गिळत गेला, दूर भिरकावत गेला किंवा आपल्या लयीत बांधत गेला. ज्यांना ते जमले नाही ते गर्दीतलेच एक राहिले. सेरेस आणि प्लुटो हे त्या गर्दीतले मानकरी, पण गर्दीतलेच.

आता ट्रोजन आणि प्लुटोचा आक्षेप पुन्हा पाहा. ट्रोजन गुरूच्या कक्षेत आहेत ते गुरूनेच त्यांना तिथे धरून ठेवले आहे म्हणून. प्लुटो सूर्याभोवती दोन फेऱ्या करतो तेवढ्या वेळात नेपच्यून तीन करतो. हे प्रमाण नेपच्यूनच्या ओढीने टिकून आहे आणि त्यामुळेच ते दोघे कधी जवळ येत नाहीत. नेपच्यून प्लुटोच्या साडेसात हजार पटींहून वजनदार आहे. घरमालक कोण आणि भाडेकरू कोण, यात शंका उरत नाही. तेव्हा 'साफ केला' हा शब्द चुकला. 'परिसरावर वर्चस्व आहे' असे म्हणायला हवे होते. शब्द वाईट आहे, भेद खरा आहे. आमच्या टिंगलीचा चुकलेला अर्धा भाग तो हाच.

पण एवढ्यावर वाद मिटत नाही, आणि मिटवू नये. विरुद्ध बाजू दुबळी नाही. अॅलन स्टर्न हे न्यू होरायझन्स या यानाच्या मोहिमेचे प्रमुख. हे यान १४ जुलै २०१५ रोजी प्लुटोजवळून गेले. त्याने काय दाखवले? नायट्रोजनच्या बर्फाचे विशाल मैदान, आतून हळूहळू खदखदणारे. पाण्याच्या बर्फाचे सुमारे तीन किलोमीटर उंचीचे डोंगर. विरळ वातावरण. भूशास्त्रज्ञ विचारतात: हे सगळे ज्याच्या अंगावर आहे, त्याला ग्रह म्हणायचे की नाही हे त्याच्या शेजाऱ्यांकडे बघून का ठरवायचे? खगोल काय आहे ते बघा, कुठे आहे ते कशाला?

आमच्या परंपरेत या आक्षेपाला तयार शब्द आहेत. वेदान्ती लोक लक्षणाचे दोन प्रकार करतात. वस्तूच्या अंगचे ते स्वरूपलक्षण. वस्तूच्या बाहेरचे, पण ती ओळखायला उपयोगी पडणारे ते तटस्थलक्षण. देवदत्ताचे घर कुठले? ज्याच्यावर कावळा बसला आहे ते. ओळखायला ठीक आहे, पण कावळा उडाला की खूण गेली, घर आहे तसेच. स्टर्न यांचे म्हणणे असे की गोलपणा हे स्वरूपलक्षण आहे आणि परिसराची सफाई म्हणजे छपरावरचा कावळा.

याला बळ देणारे एक गणित आहे. झाँ-ल्यूक मार्गो यांनी २०१५ मध्ये एक सूत्र दिले. खगोलाचे वस्तुमान, ताऱ्याचे वस्तुमान आणि कक्षा एवढ्यावरून तो खगोल आपला परिसर साफ करू शकेल की नाही, हे त्यातून काढता येते. उत्तर एकच्या वर आले तर पास. आपण ते सूत्र घेऊन पृथ्वीला मनाने उचलून प्लुटोच्या अंतरावर ठेवू. उत्तर येते सुमारे १३, पृथ्वी पास. आता बुधाला तिथे ठेवू. उत्तर ०.७ च्या आसपास, बुध नापास! तोच बुध, तोच दगड, तेच लोखंडी अंतरंग. फक्त जागा बदलली आणि ग्रहपण गेले. मग हा कावळाच नाही का?

आम्ही यावर बराच विचार केला आणि आमचे उत्तर 'नाही' असे आहे. प्रत्येक नातेसंबंध हा कावळा नसतो. मुंबई एकेकाळी सात बेटांची होती. मधल्या खाड्या बुजवल्या आणि ती बेटे राहिली नाहीत. माहीमचा खडक बदलला का? नाही. तरी 'बेट' हा शब्द खोटा होता असे कुणी म्हणत नाही. बेट म्हणजे काय ते पाण्याशी असलेल्या नात्यानेच कळते, आणि ते नाते तिथल्या माणसांचे जगणे ठरवते. कावळा उडाला तर घराचे काही बदलत नाही. परिसरावर वर्चस्व असणे-नसणे हा मात्र त्या खगोलाचा साडेचार अब्ज वर्षांचा इतिहास आहे.

दुसरे असे, की नाते नकोच म्हटले तर 'उपग्रह' हा शब्दही सोडावा लागेल. गुरूचा गॅनिमीड आणि शनीचा टायटन बुधापेक्षा आकाराने मोठे आहेत. त्यांना आपण ग्रह म्हणत नाही ते केवळ ते कुणाभोवती फिरतात यावरून. मेट्झगर, स्टर्न आणि त्यांचे सहकारी याबाबत प्रामाणिक आहेत. ते म्हणतात, होय, मोठे चंद्रही ग्रहच आहेत, आपला चंद्रसुद्धा. गॅलिलिओच्या काळातले लोक गुरूच्या चंद्रांना ग्रह म्हणतच होते, याकडेही ते लक्ष वेधतात. ही भूमिका सुसंगत आहे. तिने ग्रह शंभराच्या पुढे जातील, पण संख्या मोठी झाली म्हणून व्याख्या चुकत नाही. शाळेत पाठ करायला अवघड, हा काही आक्षेप नव्हे.

म्हणजे मुळात प्रश्न दोन आहेत. भूशास्त्रज्ञ विचारतो, 'हा खगोल आतून काय आहे?' कक्षांचे गणित करणारा विचारतो, 'या मालेत याचे स्थान काय?' दोघांचे प्रश्न खरे, दोघांची वर्गवारी उपयोगी. ठरावाची खरी चूक आम्हाला इथे दिसते. त्याने दोन्ही प्रश्नांची उत्तरे एका शब्दात कोंबली. दुसरी अट एकाची घेतली, तिसरी दुसऱ्याची, आणि मग जाहीर केले की जगात 'ग्रह' या शब्दाचा अर्थ हाच.

आणि नावाचे तर काय सांगावे! ठराव म्हणतो, बटुग्रह हा ग्रह नव्हे. हा कर्मधारय समास आहे, मंडळी. बटु असा जो ग्रह तो बटुग्रह. मग तो ग्रह कसा नाही? यावर कुणी म्हणेल, देवमासा मासा नसतो, पाणघोडा घोडा नसतो. भाषेत हे चालते. बरोबर आहे. पण खगोलशास्त्राच्या स्वतःच्या घरात ते चालत नाही. आपला सूर्य त्यांच्या वर्गवारीत पीत बटू, म्हणजे बुटका तारा आहे, आणि तो तारा आहेच. एकाच शास्त्रात बटू तारा हा तारा, पण बटुग्रह हा ग्रह नाही, हे विद्यार्थ्याला कसे समजावायचे? प्रागमध्ये याला तोडही सुचवली गेली होती. आठांना 'अभिजात ग्रह' म्हणा, म्हणजे अभिजात ग्रह आणि बटुग्रह हे दोन्ही ग्रहांचेच प्रकार होतील, अशी ती दुरुस्ती. तिला फक्त ९१ मते पडली. आमच्या मते त्या दिवशीचा सर्वांत शहाणा प्रस्ताव तोच होता. भेद राहिला असता आणि भांडण राहिले नसते.

जाता जाता आपल्या भाषेबद्दल एक सांगतो. 'ग्रह' हा आपला शब्द याआधीही एकदा मुळापासून बदलला आहे. नवग्रहांत सूर्य आहे, चंद्र आहे, राहू-केतू हे तर कक्षांचे छेदनबिंदू आहेत, आणि पृथ्वी नाही. सूर्यकेंद्री विचार आपण स्वीकारला तेव्हा सूर्य-चंद्र ग्रहांतून गेले आणि पृथ्वी आत आली. प्लुटो जाण्यापेक्षा हा बदल कितीतरी मोठा होता. पुढे पत्रिकेत हर्षल आणि नेपच्यूनही येऊन बसले. पत्रिकेतला ग्रह आणि दुर्बिणीतला ग्रह यांना आपण आजही एकच शब्द वापरतो आणि रोजच्या व्यवहारात गोंधळत नाही. शब्द तोच, वर्गवारी दोन. जे आपल्या आजीला जमले, ते प्रागच्या सभेला जमायला हरकत नव्हती.

आता त्या मुलाचा प्रश्न. मतदानाने पृथ्वी सपाट होईल का?

मतदान कशावर झाले, ते पाहा. प्लुटोचा व्यास २,३७७ किलोमीटर आहे, यावर नाही. त्याला सूर्याभोवती फिरायला २४८ वर्षे लागतात, यावर नाही. त्याच्या शेजाऱ्यांचे एकूण वजन त्याच्या बारा-तेरा पट आहे, यावरही नाही. हे सगळे आदल्या दिवशी जसे होते तसेच दुसऱ्या दिवशी राहिले. मतदान झाले ते एका शब्दाच्या वापरावर. असे मतदान विज्ञानात नवे नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात व्हर्सायला निरनिराळ्या देशांच्या प्रतिनिधींनी मत देऊन किलोग्रॅमची व्याख्या बदलली. त्याने कुणाच्या पिशवीतले तांदूळ कमी-जास्त झाले नाहीत.

पण आम्ही इथे थांबलो तर मुलाला पुन्हा अर्धेच उत्तर दिल्यासारखे होईल. किलोग्रॅम आणि ग्रह एका जातीचे शब्द नाहीत. किलोग्रॅम किती मानायचा हे आपण ठरवतो. निसर्गात किलोग्रॅमची रेषा कुठेच आखलेली नाही. 'ग्रह' या शब्दाचा मात्र दावा असतो की निसर्गात इथे खरोखर एक सांधा आहे. तो सांधा आहे की नाही हे मतांनी ठरत नाही. ते सोटर यांच्या त्या भागाकारासारख्या गोष्टींनी ठरते. सभेने फक्त एवढेच ठरवले की दोन खऱ्या सांध्यांपैकी कुठल्या सांध्याला 'ग्रह' हे नाव द्यायचे. तो निर्णय घाईचा झाला, त्याची भाषा ढिसाळ झाली, आणि तो पुन्हा विचारात घेता येतो. घेतलाही जातो आहे: मार्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये आकड्यांवर आधारलेली, कुठल्याही ताऱ्याला लागू पडणारी नवी व्याख्या मांडली आहे. उद्या दुसऱ्या ताऱ्यांभोवती त्या रुंद दरीच्या मधोमध बसणारा एखादा खगोल सापडला, तर आम्हीही आज दिलेले मत बदलू.

तेव्हा बाई, आमची एक सूचना आहे. प्लुटो ग्रह आहे की नाही, हे वर्गाला सांगू नका. फळ्यावर दहा खगोलांची नावे लिहा: आठ ग्रह, सेरेस आणि प्लुटो. समोर तीन रकाने करा: व्यास, वस्तुमान आणि सोटर यांचा तो भागाकार. आकडे भरा आणि नावे पुसून टाका. मग मुलांना म्हणा, यांचे गट पाडा. व्यासाच्या रकान्यावरून गट पाडणारी मुले आपसात भांडतील, रेषा कुठे मारायची यावर. भागाकाराच्या रकान्यावर भांडण होणार नाही. त्या मुलाला विचारा, इथे मतदान घ्यावे लागले का? आणि मग शेवटी विचारा, या दोन गटांना नावे काय द्यायची? तिथे मात्र खुशाल हात वर करायला सांगा. आम्ही वर्गात पहिली गोष्ट दाखवलीच नाही, नुसत्या दुसऱ्या गोष्टीवर मुलांना हसवले, एवढी कबुली यानिमित्ताने देतो.

पुढच्या वेळी 'जाती' या शब्दाकडे वळू, म्हणजे जीवशास्त्रातल्या जातीकडे. तिथे अशी सोयीची दरी नाही, त्यामुळे काम जास्त अवघड आहे. आता प्रश्न घेऊ.